नातवंडांस काय द्यावे?

गेल्या माघात एका गावी सप्ताहाचे कीर्तन आटोपून आम्ही पारावर बसलो होतो. पंगती उठल्या होत्या, मंडळी पांगली होती. एवढ्यात एक वृद्ध माळकरी आले. ते आमच्या पाया पडले, आम्ही त्यांच्या पडलो. मग जवळ बसून म्हणाले, "बुवा, एक विचारायचं होतं. नातीला पाचवं लागतंय. मुलगा म्हणतो, तिला ते बोटाने चालवायचं पाटीसारखं यंत्र घ्या. सूनबाई म्हणते, पैसेच द्या, आम्ही बघून घेऊ. आमची म्हातारी म्हणते, सोन्याचा मणी. मी काय देऊ?"

आम्ही कीर्तनकार. उत्तर तोंडात तयारच असते. आम्ही म्हणालो, "माउली, हरिनाम द्या. त्याहून मोठं काय आहे?"

त्यांनी मान डोलावली, पण उठले नाहीत. थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "ते तर देईनच हो. पण त्या दिवशी तिच्या हातात काय ठेवू?"

वाचकहो, या प्रश्नाने आमची बोलती बंद झाली. नारदाच्या गादीवर चाळीस वर्षे उभे राहिलेल्या माणसाला एका शेतकरी आजोबांनी गप्प केले, आणि ते योग्यच झाले. हरिनामाच्या आड लपून आम्ही त्यांचा खरा प्रश्न टाळला होता. आजा-आजींना द्यायचे असतेच. रिकाम्या हाताने नातवंडापुढे जाववत नाही, हा मनुष्यस्वभाव आहे आणि त्यात काही वावगे नाही. त्या माउलींचे देणे लागतो म्हणून हा लेख.

प्रथम शास्त्राचे पाहू. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. सात्त्विक दानाची एक खूण अशी की, ज्याने आपल्यावर उपकार केलेला नाही आणि ज्याच्याकडून परतफेडीची अपेक्षा नाही, अशाला ते द्यायचे. राजस दान म्हणजे फळावर डोळा ठेवून दिलेले, किंवा देताना जीव कष्टी होतो असे. आता नातवंड पाहा. पाच वर्षांचे पोर आपल्याला काय परत करणार? या दृष्टीने आजोबांचे देणे जात्याच सात्त्विक असायला हवे. पण होते काय? देतानाच आपण म्हणतो, "मोठा झालास की आजोबांना गाडीतून फिरवशील ना?" किंवा, "नानांनी दिलं त्याच्यापेक्षा हे भारी आहे की नाही?" झाले! सात्त्विकाचे राजस झाले. विशेषतः दुसऱ्या आजोबांशी चढाओढ हा रोग फार पसरला आहे. बारशाला एकाने चांदीचे वाळे आणले की दुसऱ्याने कमरेची साखळी आणायची, आणि त्या बिचाऱ्या बाळाला दोन्ही टोचतात.

दुसरा दोष याच्या उलट. कठोपनिषदात नचिकेताच्या बापाने यज्ञात सर्वस्व द्यायचे म्हटले आणि दिल्या कोणत्या गाई, तर दूध आटलेल्या, थकलेल्या. ते पाहून पोराच्या मनात काय आले ही कथा सर्वांना ठाऊक आहे. आपल्याला नकोशी झालेली वस्तू नातवाच्या गळ्यात मारून "जुनी आहे, जप हो" असे सांगणारे आजोबा आम्ही पाहिले आहेत. जुनी वस्तू आणि टाकाऊ वस्तू यांतला भेद मुलांना फार लवकर कळतो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आजोबांनी नातवाला भेट दिली, असा प्रसंग पुराणांत कोठे आहे? आम्ही पाठशाळेत असताना गुरुजींनी एकदा हा प्रश्न वर्गाला घातला होता. कोणालाच उत्तर आले नाही. उत्तर आहे भागवताच्या आठव्या स्कंधात. बळीराजा इंद्रावर स्वारीला निघाला. यज्ञातून त्याला रथ, घोडे, ध्वज, धनुष्य आणि कवच मिळाले. शुक्राचार्यांनी शंख दिला. आणि आजोबांनी, म्हणजे साक्षात् प्रल्हादाने, एक माळ दिली. ती कसली, तर जिची फुले कधी कोमेजत नाहीत अशी. प्रल्हादाचा पुत्र विरोचन आणि विरोचनाचा बळी, असे हे नाते. बाकीच्यांनी लढाईच्या कामाच्या वस्तू दिल्या, आजोबांनी फुले दिली. माळेने बाण अडत नाही की शत्रू मरत नाही. तरी व्यासांनी तिचा उल्लेख टाळला नाही.

गुरुजी तेवढ्यावर थांबले नाहीत. ते म्हणाले, "मुलांनो, पुढे सात अध्याय वाचा. आजोबा पुन्हा केव्हा येतात ते मला सांगा." आम्ही वाचले. वामनाने दोन पावलांत सर्व व्यापले, तिसऱ्याला जागा उरली नाही. बळीला वरुणपाशांनी बांधले. राज्य गेले, सैन्य पळाले, गुरूने तर आधीच शाप दिला होता. आणि त्या वेळी प्रल्हाद तेथे आला. बांधलेल्या बळीला नेहमीसारखी आजोबांची पूजा करता येईना. त्याने नुसते मस्तक लववले. डोळ्यांत पाणी, आणि लाजेने मान खाली. पुढे भगवंत प्रल्हादाला सांगतात की, तू नातवासह सुतळात जाऊन आनंदाने राहा. आणि आजोबा जातात. विजयाच्या दिवशी माळ दिली आणि पराभवाच्या दिवशी स्वतः आले.

ही कथा आम्ही शेकडो वेळा सांगितली असेल. लोकांनी टाळ्या दिल्या, बायांनी डोळे पुसले. पण आमच्याच घरी ती केव्हा लागू पडली आणि आम्ही त्यात कसे नापास झालो, ते सांगायला संकोच वाटतो. तरी सांगतो, कारण त्याशिवाय हा लेख पोथीतल्या वांग्यासारखा होईल.

आमचा थोरला नातू दहावीला उत्तम गुणांनी पास झाला. आम्ही त्याला सोन्याची अंगठी केली. दिली कोठे, तर भर कीर्तनात. पूर्वरंग संपल्यावर त्याला पुढे बोलावले, बोटात घातली, चार शब्द बोललो, टाळ्यांचा कडकडाट झाला. पोरगा लाजून लाल झाला होता. आम्हाला वाटले, आनंदाने. पुढे दोन वर्षे त्याने वैद्यकीयच्या प्रवेशपरीक्षेसाठी शहरात राहून अभ्यास केला. निकाल लागला आणि गुण फार कमी पडले. मुलाचा फोन आला की, तो खोलीतून बाहेर येत नाही, जेवत नाही, कोणाशी बोलत नाही. आमची त्या वेळी ओळीने कीर्तने ठरलेली. आम्ही फोनवरून त्याला बोध केला. हरिश्चंद्र सांगितला, नळ सांगितला, धैर्याचा महिमा सांगितला. तो म्हणाला, "हो आबा." आणि फोन ठेवला.

आमच्या मंडळींनी मात्र कोणाला न विचारता पिशवी भरली आणि एस.टी. धरली. त्या तेथे अकरा दिवस राहिल्या. काय केले असे विचाराल, तर काहीच नाही. सकाळी थालीपीठ लावायच्या. संध्याकाळी दिवा लावून त्याच्या खोलीच्या उंबऱ्याशी बसून हरिपाठ म्हणायच्या, दार बंद असले तरी. परीक्षेचा शब्द काढला नाही. चौथ्या दिवशी दार उघडले. सहाव्या दिवशी तो आजीच्या शेजारी येऊन बसला. आणि मग त्याने ती अंगठी काढून आजीच्या हातावर ठेवली. म्हणाला, "ही आबांना परत दे. मी आता हिचा नाही."

हे आम्हाला आजीने घरी आल्यावर सांगितले. आम्ही पुष्कळ वेळ काही बोललो नाही. पोरगा असे म्हणाला नाही की अंगठी मला आवडत नाही. म्हणाला की, मी हिचा नाही. आमच्या देण्याचा त्याने लावलेला अर्थ असा होता की, ती गुणांना दिली होती. गुण गेले, म्हणून अंगठीही गेली. आम्ही प्रल्हादाची माळ म्हणून जे दिले, ते दोन वर्षांत कोमेजले. आणि सुतळात जायची वेळ आली तेव्हा आम्ही व्यासपीठावर होतो. गेली ती आजी. तिने भागवत वाचलेले नाही. ऐकलेले आहे, तेही आमच्याच तोंडून.

असो. झाले ते झाले. पण तेव्हापासून देण्याच्या वस्तूंकडे आम्ही निराळ्या नजरेने पाहू लागलो. काही अनुभव मांडतो, ज्याला जो पटेल तो त्याने घ्यावा.

टाळ. आमच्या मते वारकऱ्याच्या घरी नातवंडाला देण्यासारखी ही पहिली वस्तू. लहान हाताला पेलेल अशी काशाची जोडी बाजारात मिळते. पण टाळ घेऊन देणे एका दुपारचे काम आहे आणि शिकवणे चार-पाच वर्षांचे. दोरी बोटाला कशी गुंडाळायची, तोंड कसे धरायचे, बद्द आवाज का येतो आणि खणखणीत का येतो, पावली टाकताना पाय आणि हात एकत्र कसे पडायचे, हे सगळे शेजारी उभे राहूनच शिकवावे लागते. तेव्हा टाळ देणाऱ्याने आधी स्वतःच्या गुडघ्यांचा विचार करावा. ज्याला शेजारी उभे राहायचे नाही त्याने टाळ देऊ नये. तो खुंटीवर लटकतो आणि दसऱ्याला पुसला जातो.

पोथी. आम्हाला आमच्या आजोबांनी ज्ञानेश्वरी दिली, ती तांबड्या रुमालात बांधलेली होती. छापील, साधीच. पण कडेला पेन्सिलीच्या खुणा होत्या. जेथे त्यांचे वाचन त्या दिवशी थांबले तेथे एक बारीक रेघ. नववा अध्याय तेलाच्या डागांनी पिवळा पडलेला. एके ठिकाणी रेघेनंतर लगेच दुसरी रेघ आहे, म्हणजे त्या दिवशी चारच ओव्या वाचून झाल्या. मागाहून वडिलांकडून कळले की, त्या दिवशी आमची आत्या वारली होती. दुकानातून आणलेल्या कोऱ्या प्रतीत हे कोठून येणार? म्हणून आमचे सांगणे असे की, नातवाला पोथी द्यायची असेल तर आज नवी प्रत आणा, दहा वर्षे तुम्ही वाचा, आणि मग त्याला द्या. ज्ञानेश्वरी १२९० साली झाली. नाथांनी १५८४ साली तिची प्रत शुद्ध केली. मधली जवळजवळ तीनशे वर्षे ती हातांनीच आली, आणि त्या हातांत कितीतरी आज्यांचे असतील ज्यांची नावे कोणाला माहीत नाहीत.

नाथांचे नाव आले म्हणून एक सांगतो. नाथ हे भानुदासांचे पणतू. भानुदासांचे चक्रपाणी, त्यांचे सूर्यनारायण, आणि सूर्यनारायणांचे एकनाथ. आईबाप लहानपणीच गेले, आजा-आजींनी वाढवले. भानुदासांची विठ्ठलभक्ती नाथांपर्यंत आली ती या आजोबांच्या घरातून. आणि चरित्रकार सांगतात की, हे पोर कोवळ्या वयात न सांगता घरातून निघून देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेले. म्हाताऱ्यांनी किती शोधले असेल! पुढे पत्ता लागल्यावर चक्रपाणींनी स्वामींकडून आज्ञापत्र आणले, आणि तीर्थयात्रेहून परतलेल्या नाथांच्या हाती ते पैठणात पडले. पत्र वाचले तेथेच नाथ थांबले. येथे आमच्या मनात नेहमी एक विचार येतो. आजोबांनी "मी तुला वाढवले, घरी चल" असे म्हटले नाही. नातवाने ज्याला गुरू मानले त्याच्या शब्दाला मान देऊन त्याला परत आणले. नातवंडाची स्वतःची आवड मानणे, हेही एक देणे आहे, आणि आम्हा म्हाताऱ्यांना ते सोन्याहून महाग पडते.

तुळशीची माळ. याबद्दल आमचे मत थोडे कडक आहे. माळ म्हणजे दागिना नव्हे. तिच्याबरोबर एकादशी येते, वारी येते, अभक्ष्य सुटते. लहान पोराच्या गळ्यात माळ घालायची असेल तर हौसेने जरूर घाला, पण त्याचे नियम त्याला कळेपर्यंत आजोबांनी सांभाळायचे. पोराच्या गळ्यात माळ आणि आजोबांची एकादशी हॉटेलात, असे व्हायला नको.

गोधडीविषयी आम्हाला काय कळणार? पण एवढे पाहिले आहे की, आमच्या आईने आपली जुनी नऊवारी पातळे एकावर एक अंथरून जी गोधडी आमच्या मुलीसाठी घातली, ती तिच्या सासरी, पुढे तिच्या मुलांवर, आणि आता एका परदेशातल्या घरात पोचली आहे. तेथे घर यंत्राने गरम राहते म्हणतात. तरी पोरे तीच ओढतात.

पैशांचे. काही साधक पैशाचे नाव काढले की नाक मुरडतात. आम्ही त्यांतले नव्हे. नातीच्या शिक्षणासाठी दरमहा थोडे बाजूला टाकणे ही चांगलीच गोष्ट आहे. पोस्टात किंवा बँकेत सुकन्या समृद्धीचे खाते निघते. ही योजना २०१५ साली आली. मुलगी १० वर्षांची होण्यापूर्वी खाते उघडावे लागते. वर्षाला कमीत कमी २५० आणि जास्तीत जास्त दीड लाख रुपये टाकता येतात. भरणा १५ वर्षे, आणि मुदत खाते उघडल्यापासून २१ वर्षांची. मात्र एक लक्षात ठेवा. खाते मुलीच्या आईने किंवा बापाने पालक म्हणून उघडायचे असते. आजोबा कायद्याने पालक नसतील तर त्यांनी पालक म्हणून सही करू नये. अशी पूर्वी निघालेली खाती आईबापांकडे फिरवून घेण्याच्या सूचना २०२४ साली निघाल्या. सही बापाची असू द्या, पैसे तुम्ही भरा. नाव कोणाचे लागले याने काय बिघडते?

घर आणि जमीन यांबाबत मात्र सावध. आपल्या राज्यात राहते घर किंवा शेतजमीन नातवाला बक्षीसपत्राने देताना मुद्रांक शुल्क २०० रुपयेच पडते (स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च निराळा), म्हणून पुष्कळ लोक भावनेच्या भरात कागद करून मोकळे होतात. पुढे सून-मुलगा विचारत नाहीत आणि हातात काही उरत नाही. २००७ साली ज्येष्ठ नागरिकांचा कायदा झाला. त्यात अशी सोय आहे की, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि सांभाळ झाला नाही, तर ते देणे रद्द करून मागता येते. पण ती अट कागदावर हवी. तोंडी प्रेम तेथे उपयोगी पडत नाही. कोणी म्हणेल, बुवा, आत्ताच म्हणालात की परतफेडीची अपेक्षा ठेवू नये. बरोबर. म्हणूनच म्हणतो, ज्यात आपले अन्न अडकले आहे ते दान म्हणून देऊच नये. शांतिपर्वातले भीष्म पाहा. राज्याचा हक्क तर त्यांनी तरुणपणीच सोडलेला. शरपंजरी पडले असता देण्यासारखी एकही वस्तू जवळ नव्हती, तरी युधिष्ठिराला त्यांनी जे सांगितले त्याची दोन मोठी पर्वे झाली.

आणखी एक. सप्ताहात विण्याचा पहारा असतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जायची. त्या वेळी देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो आणि घेणारा देणाऱ्याच्या. सत्तर वर्षांचा म्हातारा पंधरा वर्षांच्या पोराच्या पाया पडतो, आणि कोणाला त्यात नवल वाटत नाही. आम्ही अंगठी दिली तेव्हा नातू आमच्या पाया पडला होता. आम्ही मात्र उभेच राहिलो, ताठ.

माघातल्या त्या आजोबांची पुन्हा भेट झाली ती फाल्गुनात. आम्ही विचारले, "काय दिलंत मग?" म्हणाले, "बुवा, शेताच्या बांधावर रायवळ आंब्याची कोय लावली तिच्याकडनं. रोज माझ्या संगं पाणी घालायला येते. फळ धरायला सात-आठ वर्षं जातील. मी असेन-नसेन." थोडे थांबून म्हणाले, "आणि म्हातारीनं मणी पण दिला. ऐकते होय ती!"

आमच्या नातवाने आता दुसरी वाट धरली आहे. शेतकी कॉलेजात आहे, मातीविषयी बोलू लागला की थांबत नाही. अंगठी आजीच्या डब्यात आहे, आम्ही तिचा विषय काढलेला नाही. परवा त्याचा फोन आला. म्हणाला, "आबा, यंदा आषाढीला सुट्टी आहे. लोणंदपासून फलटणपर्यंत दोन दिवस तुमच्या दिंडीत चालू का?" आम्ही बोध करायला तोंड उघडले होते, पण आजीने हातातून फोन काढून घेतला आणि त्याला विचारले, "तुझ्या पायाचं माप काय रे?"

त्याच्यासाठी चालायच्या चपला आणायला आम्ही उद्या बाजारात जाणार आहोत.